छडी गेली, शिस्तीचे काय?

मंडळी, जून उजाडला की पेरणी आणि शाळा बरोबरच सुरू होतात. पेरणीची चर्चा पारावर होते, हॉटेलात होते, एसटीच्या थांब्यावर होते. बियाणे कुठले, खताचा भाव काय, पाऊस कधी, सगळे बोलून होते. शाळेची चर्चा मात्र गावात दोनच वेळा रंगते. एकदा दहावीचा निकाल लागतो तेव्हा आणि दुसऱ्यांदा गुरुजीने पोराला मारले म्हणून भांडण उभे राहते तेव्हा.

त्या भांडणात काय ऐकू येते, आठवून पाहा. एक जण म्हणतो, "आमच्या वेळेला मास्तर दिसला तर आम्ही गल्ली बदलायचो. आता पोरांना धाकच राहिला नाही." दुसरा म्हणतो, "माझ्या पोराला हात लावायचा अधिकार ह्यांना दिला कुणी?" गंमत अशी की बऱ्याचदा ही दोन्ही वाक्ये एकाच माणसाची असतात. पोरगं दुसऱ्याचं असलं की पहिलं वाक्य, स्वतःचं असलं की दुसरं!

हा हसण्यावारी नेण्याचा विषय नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये वसई भागातील एका शाळेत सहावीच्या मुलीला उशिरा आल्याबद्दल शंभर उठाबशा काढायला लावल्याचा आरोप झाला. तिची प्रकृती बिघडली आणि काही दिवसांत रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. प्रकरण पोलिसांत गेले. दोष कुणाचा ते कायदा ठरवील. आपल्यासाठी प्रश्न वेगळा आहे. गुन्हा काय, तर उशीर! आपल्या गावातल्या शाळेत रोज किती मुले उशिरा येतात आणि का येतात, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

कायदा काय सांगतो

आधी कायद्याचे बोलू, कारण याबाबत गावोगाव गैरसमज आहेत. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा देता येत नाही आणि त्याचा मानसिक छळही करता येत नाही. शिक्षा दिली तर त्या शिक्षकावर सेवानियमांप्रमाणे कारवाई होते. म्हणजे छडी तर नाहीच. पण उठाबशा, कोंबडा करणे, उन्हात उभे करणे, जातीवरून किंवा बापाच्या गरिबीवरून टोमणा मारणे, हेही बसत नाही.

"हे आठवीपर्यंतच ना? मग नववी-दहावीला चालतंय," असे कुणी सांगेल. तेही खरे नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे कलम ७५ अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला लागू आहे. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने क्रूरपणे वागवले तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुलांची काळजी ज्या संस्थेवर सोपवलेली आहे तिचाच कर्मचारी असेल तर शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाते.

दुसरी गोष्ट, दाखल्याची. "उद्या बापाला घेऊन ये आणि दाखला घेऊन जा," ही जुनी धमकी. आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यांना पाचवी आणि आठवीला परीक्षा घेऊन मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा मिळाली आणि महाराष्ट्राने २०२३ साली तसा नियम केला. तरीही नापास मुलाला दोन महिन्यांत पुन्हा परीक्षेची संधी द्यावी लागते आणि शाळेबाहेर काढण्याची बंदी कायम आहे.

म्हणजे छडी गेली, दाखल्याची धमकी गेली. ठीक झाले. पण त्यांच्या जागी आपण काय ठेवले? खरी अडचण इथे आहे.

गुरुजींनी हात झटकले तर

मार बंद झाला म्हणून शिस्त बिघडली, असे म्हणणे सोपे आहे. पण शिक्षकांशी मोकळेपणाने बोलले तर वेगळेच ऐकू येते. "बोललो तर तक्रार, नाही बोललो तर निकाल खराब. मग कशाला नादी लागा?" मागच्या बाकावर पोरगं झोपले आहे तर झोपू दे, चार दिवस आले नाही तर न येऊ दे, असा हिशेब काही ठिकाणी सुरू झाला आहे. मारणाऱ्या मास्तरापेक्षा हा हात झटकलेला मास्तर जास्त महाग पडतो. माराचा वळ आईला दिसतो. दुर्लक्षाचा वळ दहावीच्या निकालात दिसतो आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो.

शिक्षकाची बाजूही पाहा. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे लहान गावात दोन गुरुजी आणि पाच वर्ग. त्यातला एक तालुक्याला बैठकीला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला की उरलेल्या एकाने पाचही वर्ग सांभाळायचे. एका माणसाने पाच बैलजोड्या हाकायच्या म्हटले तर औत कसे चालेल, हे तुम्हाला सांगायला नको.

बेशिस्त येते कुठून

आता त्या उशिराकडे परत येऊ. वाडी-वस्तीवरचे मूल उशिरा का येते? एसटी उशिरा आली म्हणून. सकाळचे दूध डेअरीला घालायला तेच गेले होते म्हणून. आई खुरपणीला गेली आणि धाकट्याला सांभाळायला थोरली घरी राहिली म्हणून. यातला एकही गुन्हा मुलाचा नाही. पण उठाबशा त्याने काढायच्या!

गैरहजेरीचेही तसेच. कापूस वेचणीला हात कमी पडले की आधी शाळेतले हात आठवतात. ऊसतोडीच्या पट्ट्यात तर ऑक्टोबर-नोव्हेंबरला कोयता घेऊन कुटुंब निघते ते मार्च-एप्रिलला परतते. मुलांना मागे ठेवता यावे म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे. पण आजी-आजोबा थकलेले, मुलगी वयात आलेली, म्हणून कित्येक आई-बाप पोरांना बरोबरच नेतात. सहा महिन्यांनी परत आलेले मूल वर्गात बसते, पण फळ्यावरचे त्याला काही कळत नाही. सहावीत आहे आणि वाचता येत नाही, असे पोरगे काय करील? शेजाऱ्याला चिमटा काढील, खोड्या करील, नाहीतर भिंतीवरून उडी मारून पळून जाईल. आपण त्याला व्रात्य म्हणतो. खरे तर त्याची लाज झाकायची धडपड चाललेली असते. अशा पोराला मार दिला तर ते शाळा सोडते, आणि आपण म्हणतो, "त्याला शिकायचंच नव्हतं."

तिसरे कारण शाळेच्या फाटकाबाहेर असते. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायला २००३ च्या कायद्याने मनाई आहे, अठरा वर्षांखालच्या मुलाला तर कुठेच विकता येत नाहीत. आता तुमच्या शाळेसमोरची टपरी डोळ्यासमोर आणा. तिथे पुड्यांच्या माळा लटकतात की नाही? मग पोराच्या खिशात पुडी सापडली की कान फक्त त्याचाच का पिळायचा?

चौथे कारण मोबाइल. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा अभ्यासासाठी म्हणून आपणच तो पोरांच्या हातात दिला. शाळा उघडल्या, मोबाइल मात्र परत घ्यायचा राहून गेला. रात्री बारापर्यंत स्क्रीनसमोर बसलेले पोर सकाळी वर्गात झोपणारच. त्याला गुरुजींनी काय करावे?

गोऱ्हा आठवा

नवा गोऱ्हा औताला धरताना आपण काय करतो? त्याला एकट्याला जुंपत नाही. जुन्या, शांत बैलाच्या जोडीला लावतो. पहिल्या दिवशी थोडेच चालवतो, रोज थोडे वाढवतो. आर टोचून टोचून शिकवलेला बैल पुढे एकतर बुजरा होतो किंवा मारका होतो, हे जाणत्या शेतकऱ्याला ठाऊक असते. जनावराच्या बाबतीत एवढी समज दाखवणारे आपण, पोराच्या बाबतीत मात्र "गुरुजी, हाडं आमची, चामडं तुमचं" म्हणून मोकळे होतो!

शिस्त म्हणजे धाक नव्हे. धाक असेपर्यंत मूल नीट वागते आणि धाक पाठमोरा झाला की सुटते. शिस्त म्हणजे सवय, आणि सवय लावायला घर, शाळा आणि गाव तिघांचा एकच शब्द लागतो.

गावाने काय करायचे

यासाठी नवीन योजना नको, निधीही नको. शाळा व्यवस्थापन समिती कायद्यानेच दिलेली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. पण खरे सांगा, तुमच्या गावात समितीची बैठक होते, की वही घरोघर फिरवून सह्या घेतल्या जातात? जिल्हा परिषदेच्या शाळेपुरते बोलायचे तर पुढच्या बैठकीत एवढे करा.

पहिले, पाच-सहा नियम ठरवा. गुरुजी, पालक आणि मोठ्या वर्गातली मुले एकत्र बसून ठरवा. वेळेवर येणे, शिवीगाळ न करणे, मोबाइल शाळेत न आणणे, कुणाला जातीवरून वा कपड्यावरून न चिडवणे. मुलांनी स्वतः ठरवलेला नियम मुले जास्त पाळतात. तेच नियम गुरुजींनाही लागू ठेवा. मास्तर अकराला येणार आणि पोराला साडेदहाचा नियम सांगणार, हे चालायचे नाही.

दुसरे, नियम मोडला तर पुढे काय, ही पायरीही लिहून ठेवा. आधी मुलाला बाजूला घेऊन एकट्याने विचारायचे, सगळ्यांसमोर नाही. मग आई-बापांना बोलवायचे, रोज बुडणार नाही अशा वेळी. तरीही जमले नाही तर समितीपुढे आणायचे. भरपाई असावी ती कामाची: घाण केली तर साफ करायची, पुस्तक फाडले तर चिकटवायचे. पायरी लिहिलेली असली की गुरुजींनाही बळ येते आणि पालकालाही जाब विचारता येतो.

तिसरे, उशिरा आणि गैरहजर येणाऱ्यांची यादी दर महिन्याला समितीपुढे ठेवा. नावापुढे कारण लिहा. दहा मुलांपुढे "एसटी" असे कारण आले तर उठाबशा काढून एसटी वेळेवर येणार नाही. सरपंचांनी आगारप्रमुखांना पत्र द्यावे. कारण "घरकाम" असेल तर त्या घरी समितीतल्या बायकांनी जावे. मागे पडलेल्या मुलांना वाचायला शिकवण्यासाठी गावातल्या शिकलेल्या पोरा-पोरींनी संध्याकाळचा एक तास द्यावा.

चौथे, सरपंच, पोलीस पाटील आणि ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे २०२४ पर्यंत आपण ज्यांना ग्रामसेवक म्हणायचो ते, यांनी शाळेसमोरची टपरी आधी हलवावी. ग्रामसभेत ठराव करा. टपरीवाला आपलाच भाऊबंद असतो, म्हणून तर हे काम अवघड आहे आणि म्हणून तर ते गावानेच करायचे.

एक गोष्ट मात्र या पायऱ्यांत कधीच बसवू नका. मुला-मुलीशी लैंगिक गैरवर्तन झाले तर तो शिस्तीचा प्रश्न नाही, गुन्हा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील प्रकरणाने सारे राज्य हादरले. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अशी गोष्ट कळली की पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, दडवणे हाच गुन्हा ठरतो. गावकीत मिटवायला, शाळेचे नाव राखायला बसू नका. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. तो शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवून घ्या.

शेवटी पालकांना एक विनंती. पोराने तक्रार आणली की चार माणसे घेऊन शाळेवर जाण्याआधी एकटे जा आणि दोन्ही बाजू ऐका. आणि काही कारण नसतानाही महिन्यातून एकदा जा. आपण मोटार जळाली की नाही हे पाहायला रात्री विहिरीवर जातो. पोराच्या वर्गात डोकवायला दिवसा अर्धा तास निघत नसेल, तर बेशिस्त नेमकी कुणाची, हे एकदा आपणच आपल्याला विचारावे.