घरीं घडविलेलें अवजार आणि त्यावरील कर

ता. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या यंत्रांवरील वस्तु व सेवा कर शेंकडा १२ वरून ५ वर आला. ट्रॅक्टर, पेरणीयंत्रें, मळणीयंत्रें, ठिबक व तुषार सिंचनाचीं साधनें, १५ अश्वशक्तीपर्यंतचीं ठराविक डिझेल एंजिनें हीं सर्व त्या सवलतींत आलीं. ट्रॅक्टरचे टायर व कांहीं सुटे भाग तर १८ वरून एकदम ५ वर आले. या निर्णयाबद्दल सरकारचे आभार मानण्यांत आम्ही कुचराई करणार नाहीं. परंतु या पंगतींत एका मनुष्याचें पान मांडावयाचें राहून गेलें आहे, आणि तो आमच्या वाचकांपैकींच असल्यामुळें त्याची बाजू मांडणें आम्हांस प्राप्त आहे. तो म्हणजे आपलें अवजार आपल्या गोठ्याच्या पडवींत आपणच घडविणारा शेतकरी.

असे शेतकरी थोडे नाहींत. जुन्या सायकलचें पुढचें चाक, दोन पट्ट्या व एक पास यांचें कोळपें आतां गांवोगांव दिसतें; तें प्रथम कोणीं केलें हें कोणासच सांगतां यावयाचें नाहीं. उन्हाळ्यांत काम हलकें झालें कीं कोणी ट्रॅक्टरच्या फणांतील अंतर आपल्या सरीच्या मापानें बदलून घेतो, कोणी पाभरीस खताची पेटी जोडतो. याला हौस म्हणावयाचें असेल तर म्हणावें. पण जमीन, पीक आणि सरी यांचें माप शेतकऱ्याच्या डोळ्यांत असतें तसें दूरच्या कारखानदाराच्या डोळ्यांत नसतें. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं लोखंडी नांगर केला तोही बेळगांवच्या सायकलच्या दुकानांतून. किर्लोस्करवाडीचा कारखाना पुढें १९१० सालीं उभा राहिला.

आतां कराचा हिशेब पाहावा. स्वतःसाठीं घडविलेल्या अवजारावर कर द्यावा लागत नाहीं, हें खरें. कर बसतो तो मालावर. लोखंडी अँगल व पट्टी, नट-बोल्ट, वेल्डिंग रॉड, बेअरिंग या प्रत्येकावर शेंकडा १८ आहे. समजा, एका अवजारास ३०,००० रुपयांचा असा माल लागला, तर त्यावर ५,४०० रुपये कर झाला. तेंच अवजार कारखान्यानें केलें व ६०,००० रुपयांस विकलें, तर घेणाऱ्यावर शेंकडा ५ प्रमाणें ३,००० रुपये बसतात. कारखानदारानें मालावर भरलेल्या ५,४०० रुपयांपैकीं ३,००० यांत वळते होतात व उरलेल्या २,४०० रुपयांचा परतावा त्यास कायद्यानें मागतां येतो. म्हणजे ६०,००० रुपयांच्या तयार अवजारावर सरकारास ३,००० मिळाले, आणि ज्यानें रात्री जागून तेंच अवजार ३०,००० रुपयांत उभें केलें त्याच्याकडून ५,४०० मिळाले! (भंगारवाल्याकडून लोखंड घेतलें तर कर दिसत नाहीं, हें आम्हांस ठाऊक आहे, पण तेथें पावतीही दिसत नाहीं, आणि लोखंडाची खात्रीही नाहीं.)

शेतकऱ्यानेंही नोंदणी करून घ्यावी, असें कोणी सुचवील. पण स्वतःच्या लागवडीचा माल विकणाऱ्या शेतकऱ्यास कायद्याच्या २३ व्या कलमानें नोंदणींतून मोकळें ठेविलें आहे, आणि तें योग्यच आहे. त्याचा भाजीपाला व सुटें धान्य करमुक्त. पुढें कर लावावयाचाच नाहीं, मग मागचा कर वळता करावयाचा कशांतून? हीच माफी येथें त्याच्या आड येते.

शेजाऱ्यानें मागितलें म्हणून त्यानें दुसरें कोळपें करून विकलें, तरी महाराष्ट्रांत वर्षाला ४० लाखांच्या आंत सामान्यतः नोंदणी नको. मात्र शिरोळच्या शेतकऱ्यानें पलीकडे बेळगांव जिल्ह्यांतील साडूच्या गांवीं कर लागू असलेलें एकच अवजार विकलें, कीं तो परराज्यांतील व्यापार ठरून पहिल्या रुपयापासून नोंदणी आवश्यक होते. हस्तकलेच्या वस्तूंना यांत मर्यादित सवलत दिलेली आहे. हातानें घडविलेल्या कुळवास ती कां नसावी, हें आम्हांस उमगत नाहीं.

सरकारची अडचण आम्ही नाकारीत नाहीं. एकच अँगल कुळवालाही लागतो व बंगल्याच्या फाटकालाही. दुकानदारानें तो कोणत्या दरानें विकावा? म्हणून लोखंडावरील कर सर्वत्र उतरवा, असें आमचें म्हणणें नाहीं. आमची मागणी एवढीच कीं, पावत्या दाखविणाऱ्या खातेदारास वर्षाकांठीं ठराविक मर्यादेपर्यंत कराचा परतावा मिळावा. शासनाचें अनुदान तपासणी झालेल्या अवजारासच मिळतें, म्हणजे त्या वाटेनेंही घरच्या कारागिराच्या हातीं कांहीं पडत नाहीं.

तोंवर हात जोडून बसण्याचें कारण नाहीं. सहकारी संस्थेनें स्वतः नोंदणी करून लहानसें कर्मशाळेचें छप्पर घातलें, माल संस्थेच्या नांवें घेतला आणि तयार अवजार सभासदास शेंकडा ५ कर लावून दिलें, तर कारखानदारास मिळणारा वळतावा व परतावा संस्थेसही मिळूं शकेल. यंत्रसामग्रीवर भरलेला कर या परताव्यांत धरला जात नाहीं, आणि अर्ज दोन वर्षांच्या मुदतींत करावा लागतो. तेव्हां हिशेब लिहिणारा मनुष्य चोख हवा. चार-सहा सभासदांच्या अवजारांसाठीं एवढा खटाटोप परवडणार नाहीं, पन्नासांसाठीं परवडेल असें आम्हांस वाटतें.

ज्या सभासदांनीं गेल्या हंगामांत घरीं अवजार केलें असेल त्यांनीं लोखंड, वेल्डिंग रॉड व बेअरिंग यांच्या पावत्यांच्या नकला, अवजाराचें नांव व एकूण खर्च यांसह कार्यालयाकडे पाठवाव्या. सरकारकडे करावयाच्या अर्जास त्या जोडावयाच्या आहेत.