बुडालेल्या गलबताची साक्ष

राजांचे तह व लढाया शिलालेखांत राहतात. व्यापाऱ्याचा माल विकला, वितळला, कीं त्याचा मागमूस उरत नाहीं. म्हणूनच तुर्कस्थानच्या दक्षिण किनाऱ्याजवळ उलूबुरून येथें सुमारें ३३०० वर्षांपूर्वीं बुडालेल्या गलबताची साक्ष आम्हांस बहुमोल वाटते. त्यांत तांबें सुमारें १० टन व कथील सुमारें १ टन. कांशाला लागणारें प्रमाण जवळजवळ साधलेलें! शिवाय निळ्या कांचेच्या वड्या, आफ्रिकेचें काळें लांकूड, हस्तिदंत, बाल्टिककडील अंबराचे मणी. आणि व्यापारी वाचकांनीं हें विशेष लक्षांत घ्यावें, तराजूचीं वजनेंही. प्राचीन राष्ट्रें आपापल्या कुंपणांत सुखानें नांदत होतीं, असें म्हणणारांनीं या मालाचा हिशेब द्यावा.

हा शोध लागला तो कोणा पंडितास नव्हे. १९८२ सालीं स्पंज काढणाऱ्या एका पाणबुड्यास समुद्रतळाशीं कान असलेलीं धातूचीं बिस्किटें दिसलीं. संशोधकांनीं अशा श्रमजीवी लोकांत जाऊन, काय दिसल्यास कळवावें हें आधींच समजाविलें होतें. त्यामुळें त्याचें बोलणें वायां गेलें नाहीं; १९८४ ते १९९४ पर्यंत २२,००० हून अधिक बुड्या मारून तें गलबत उकलण्यांत आलें. त्यांनीं हा कमीपणा मानला असता, तर तेंच तांबें एखाद्या भंगारवाल्याच्या तागडींत पडावयास किती वेळ लागला असता?