देवाचें दार आणि आपलें दार

पंढरीची यात्रा केलेल्या आमच्या वाचकांनीं श्रीविठ्ठलाच्या देवळांतील कान्होपात्रेचें स्थान पाहिलेंच असेल. पंधराव्या शतकांतील मंगळवेढ्याची ही गणिकाकन्या. आईचा धंदा तिनें नाकारला. आणि बेदरच्या बादशहाचे शिपाई तिला नेण्यास आले तेव्हां तिनें विठ्ठलचरणीं देह ठेविला, अशी परंपरा सांगते. तिचे अभंग आपण भक्तिभावानें ऐकतों. बालगंधर्वांनीं १९३१ सालीं तिची कथा रंगभूमीवरहि आणिली.

पण आजची कान्होपात्रा आपल्या दारीं आली तर? फसवून विकलेली मुलगी कुंटणखान्यांतून सुटते, तेव्हां कायदा तिच्या बाजूस असतो. संविधानाच्या २३ व्या कलमानें माणसांचा व्यापार निषिद्ध ठरविला. १९५६ च्या कायद्यानें संरक्षणगृहांची तरतूद केली. परंतु 'मी विटाळलें' हें जें शल्य तिच्या मनांत रुतलेलें असतें, तें कायद्यानें निघत नाहीं. येथें पुष्कळ जणींस श्रद्धेचा आधार होतो. ज्याच्यापुढें कांहीं लपवावें लागत नाहीं असा कोणी आहे, या भावनेनें मन सांवरूं लागतें.

तथापि एक गोष्ट विसरतां कामा नये. सौंदत्तीच्या यल्लम्मास मुली सोडण्याची चाल मुंबई इलाख्यानें १९३४ सालीं व कर्नाटकानें १९८२ सालीं कायद्यानें बंद केली. त्या चालीनें कित्येक मुली शहरांतील कुंटणखान्यांत गेल्या. गळ्यांत मणी बांधतांना जिला 'ही देवीची इच्छा' असें सांगितलें, तिनें देवाचें नांव ऐकतांच दचकावें, यांत नवल तें काय? म्हणून निवाऱ्याची किंमत म्हणून तिच्याकडे भक्ति मागूं नये. आधीं निर्धास्त झोंप, औषधपाणी, शिक्षण आणि स्वतःच्या कमाईचे चार पैसे तिला मिळावेत. श्रद्धा आली तर तिच्या पावलांनीं येईल; न आली तरी तिचा मान उणा होत नाहीं.

शिवाय, 'पतितांस देव तारितो' असें म्हणून आपण नकळत तिलाच पतित ठरवितों. पतित म्हणावयाचें तर विकणारास आणि विकत घेणारास म्हणावें. आमच्या घरच्या हळदीकुंकवास तिला बोलावतांना, पंगतींत तिचा पाट मांडतांना आमचा हात अडखळेल काय, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबानें एकदां एकत्र बसून स्वतःस विचारावा, एवढीच आमची विनंति आहे.