जमा अंदाजाची, खर्च मात्र निश्चयाचा

महाराष्ट्राचा 2025-26 चा अर्थसंकल्प 10 मार्च 2025 रोजी विधिमंडळापुढे मांडण्यात आला, तेव्हा त्यात महसुली जमा 5 लाख 60 हजार 964 कोटी रुपये आणि महसुली खर्च 6 लाख 6 हजार 855 कोटी रुपये दाखविला होता. तूट 45 हजार 891 कोटींची. आदल्या वर्षी, जून 2024 च्या अतिरिक्त अर्थसंकल्पात, हीच तूट 20 हजार 51 कोटी अंदाजिली होती. म्हणजे वर्षभरात अंदाजित तूट दुपटीहून अधिक वाढली. एवढ्यावरही हिशेब मिटला नाही. 30 जून 2025 रोजी याच विधिमंडळात सुमारे 57 हजार 500 कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. त्यांचा निव्वळ भार याहून कमी असतो, हे आम्हांस मान्य आहे. परंतु चार महिन्यांपूर्वी केलेला वर्षाचा हिशेब इतक्या लवकर अपुरा का पडावा, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार करदात्याला आहे.

अर्थसंकल्पाचे दोन रकाने शेजारी-शेजारी छापले जातात, म्हणून ते सारख्याच वजनाचे आहेत असा समज होतो. वस्तुस्थिती तशी नाही. खर्च करणे सरकारच्या हाती असते. जमा होणे मात्र व्यापाऱ्याच्या विक्रीवर, घर घेणाऱ्याच्या ऐपतीवर, पावसापाण्यावर आणि दिल्लीच्या निर्णयांवर अवलंबून असते. पूर्वी विक्रीकराचे दर ठरविणे तरी बव्हंशी राज्याच्या अखत्यारीत होते. 1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कर आला आणि ती सत्ता केंद्र व राज्यांच्या संयुक्त परिषदेकडे गेली. त्या बदल्यात राज्यांना पाच वर्षे दरसाल 14 टक्के वाढीची हमी मिळाली. ही हमी जून 2022 मध्ये संपली. हमीच्या काळात चुकलेला अंदाज भरपाईच्या रकमेखाली झाकला जाई. आता तो उघडा पडतो. 22 सप्टेंबर 2025 पासून या कराचे 12 व 28 टक्क्यांचे टप्पे रद्द झाले. ग्राहकाला दिलासा मिळाला, हे चांगलेच झाले. पण मार्चमध्ये जमेचा आकडा मांडणाऱ्यांच्या हाती हा निर्णय नव्हता.

जे कर राज्याच्या हाती उरले आहेत, तेही आज्ञाधारक नाहीत. सप्टेंबर 2020 मध्ये मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी कमी केले, तेव्हा वर्षअखेरीस नोंदणीच्या कचेऱ्यांत गर्दी उसळली. दर उतरला आणि व्यवहार वाढले. उलट, जून 2025 मध्ये मद्यावरील शुल्क वाढवून वर्षाला 14 हजार कोटी अधिक मिळतील अशी अपेक्षा धरण्यात आली. दर चढल्यावर खपही तेवढाच राहील, असे मात्र कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. दराला खपाने गुणून तिजोरी भरता येत नाही, हे वित्त विभागातील अनुभवी अधिकारी आमच्याहून चांगले जाणतात.

अंदाज चुकला की सरकार दोषी, असे आम्ही म्हणत नाही. 2020-21 साठी 3 लाख 47 हजार 457 कोटींची महसुली जमा धरली होती. महामारीने ती सुधारित अंदाजात 2 लाख 89 हजार 498 कोटींवर आणली. त्याबद्दल कोणासही बोल लावता येणार नाही. आमची हरकत आहे ती दुसऱ्याच प्रकाराला. आधी खर्चाची घोषणा करावयाची आणि मग ती भागेल अशी जमा कागदावर मांडावयाची, याला अंदाज म्हणत नाहीत. ही इच्छा झाली. लाडक्या बहिणींना दरमहा दीड हजार रुपये देण्याची योजना जून 2024 मध्ये जाहीर झाली, तेव्हा तिचा वार्षिक खर्च 46 हजार कोटी सांगण्यात आला होता. 2025-26 साठी तरतूद झाली ती 36 हजार कोटींची. योजना इष्ट की अनिष्ट, हा निराळा वाद. परंतु वचन देताना आडात पाणी किती आहे हे पाहिले होते काय?

कारण जमा कमी पडली तरी वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज थांबविता येत नाही. मग थांबते ते काय? गावाकडील अर्धा पूल, पाणीपुरवठ्याची नळयोजना, वसतिगृहातील विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती, काम पुरे करूनही देयकासाठी मंत्रालयाचे जिने चढणारा छोटा कंत्राटदार. विधिमंडळात हात वर करून मंजूर झालेली रक्कम वर्षअखेर एका परिपत्रकाने आटते. तेथे चर्चा नाही, मतदान नाही. ज्याचा आवाज क्षीण, त्याच्याच वाट्याला कात्री येते, आणि खरा अर्थसंकल्प मार्चमध्ये न ठरता त्या परिपत्रकात ठरतो.

उपाय फार खर्चाचे नाहीत. प्रत्येक कराची जमा कोणत्या गृहीतावर धरली, ते अर्थसंकल्पासोबतच छापावे. गेल्या पाच वर्षांचा मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष जमा एका तक्त्यात शेजारी मांडावी. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे हिशेब उपलब्ध असताना हे अवघड नाही. पुरवणी मागणीसोबत तिचा पैसा कोठून येणार, हे सांगण्याचे बंधन असावे. आणि मंत्रिमंडळाच्या मर्जीबाहेरील तज्ज्ञांनी जमेचा आकडा तपासावा. अशा स्वतंत्र वित्तीय परिषदेची शिफारस पंधराव्या वित्त आयोगाने देशासाठी केलीच आहे. वित्तीय शिस्तीचा कायदा 2005 मध्येच करणाऱ्या महाराष्ट्राने आपल्यापुरता तो मान पहिल्याने का घेऊ नये?

अंदाज चुकला तर लोक क्षमा करतात. चुकणार हे ठाऊक असून मांडलेला अंदाज क्षम्य नव्हे. तिजोरीच्या किल्ल्या सरकारकडे असतात, पण तिजोरीतला पैसा लोकांचा असतो. त्यांना खरा आकडा सांगण्याइतके धैर्य राज्यकर्त्यांनी दाखवावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.