बांधाला काडी लावण्याआधी



ज्वारीची काढणी उरकते, ऊस कारखान्याला जातो आणि रान साफ करायची घाई सुरू होते. बांधावरचं वाळलेलं गवत, उसाचं पाचट, तुरीची धसकटं, गोठ्यामागचा काडीकचरा, सगळ्याला काडी लावली की काम झालं, असं आपण धरून चालतो. साफसफाई व्हायलाच हवी. वाळलेलं गवत घराला आणि गंजीला खेटून ठेवणं धोक्याचंच आहे. पण ती साफसफाई विळ्यानं आणि कुळवानं करा, काडीनं करू नका, ही कळकळीची विनंती आहे.

वनखातं 15 फेब्रुवारी ते 15 जून हा आगीचा हंगाम मानतं. नेमक्या याच दिवसांत आपण बांध पेटवतो. दुपारी वारं सुटतं, वावटळी उठतात, आणि पेटलेलं हलकं पाचट उडून पलीकडच्या वावरात जाऊन पडतं. तिथे शेजाऱ्याचा तोडणीला आलेला ऊस असतो, ठिबकच्या नळ्या असतात, विहिरीवर स्टार्टरची पेटी असते, लिंबाखाली दावणीला बांधलेली जनावरं असतात. कडब्याच्या गंजीनं एकदा पेट घेतला की टँकर येईपर्यंत फारसं काही हाती लागत नाही. आपल्या परंडा-भूमच्या पट्ट्यात पाऊस बेभरवशाचा, आणि कितीतरी घरांचा आठवड्याचा खर्च दुधावर चालतो. तिथे गंज जळणं म्हणजे ऐन उन्हाळ्यात चारा विकत घेणं, नाहीतर जनावराला बाजार दाखवणं. विम्याच्या भरवशावरही राहू नका. पीकविमा नैसर्गिक आगीसाठी आहे, टाळता आलं असतं अशा नुकसानीसाठी नाही.

माणसंही जातात. बांध पेटवला, आग आवरेना म्हणून एकटाच विझवायला धावला आणि धुरात कोंडला, अशा बातम्या महाराष्ट्रात येत राहतात. त्यात वयस्कर शेतकरीही असतात.

जाळण्यामागची कारणं खोटी नाहीत. मजूर मिळत नाही, पाचटात उंदीर होतात, खोडव्याला पाणी देताना अडचण येते. पण जाळून आपण काय गमावतो तेही बघा. उसाच्या एका हेक्टरातून 8 ते 10 टन पाचट निघतं. त्यात सेंद्रिय कर्ब 32 ते 40 टक्के आणि नत्र साधारण अर्धा टक्का असतं. जाळलं की कर्ब आणि बहुतेक नत्र धुरात जातं, वरच्या थरातले जिवाणू आणि गांडुळं भाजून निघतात. तेच पाचट सरीत दाबा. टनामागे 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाका, बुडखे जमिनीलगत छाटा आणि पाणी द्या. पाचटाच्या आच्छादनानं ओल टिकते, तण दबतं. पाण्याच्या पाळ्या मोजून देणाऱ्या आपल्या भागात याची किंमत वेगळी सांगायला नको.

कायदाही माहीत असू द्या. निष्काळजीपणे आग लावून कुणाच्या जिवाला धोका केला किंवा इजा होईल अशी वेळ आणली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 287 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. जाणूनबुजून आगीनं मालाची किंवा शेतमालाची नासधूस केली तर कलम 326 आहे, आणि तिथे कैद सात वर्षांपर्यंत जाते. राखीव जंगलात आग लावणं हा 1927च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे. प्लॅस्टिक आणि घरचा कचरा उघड्यावर जाळायला राष्ट्रीय हरित लवादानं 2016 मध्येच बंदी घातली आहे.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात वणव्याच्या पट्ट्यातल्या घरमालकांना घराभोवती 100 फुटांपर्यंत वाळलेलं गवत-झुडूप आटोक्यात ठेवावं लागतं. आपल्याला एवढी जागा नसेल, पण रीत तीच. गोठा, घर आणि गंज यांच्यात निदान 30 फूट अंतर ठेवा. गंजीभोवती आणि उसाच्या कडेनं कुळवाच्या दोन-तीन पाळ्या मारून मातीचा मोकळा पट्टा ठेवा. बांधावरचं गवत हिरवं असतानाच कापून जनावरांना घाला. तुराट्या, पालापाचोळा खड्ड्यात कुजवा. विजेच्या तारा लोंबकळत असतील तर महावितरणला 1912 वर कळवा, कारण उसाच्या कितीतरी आगी तारांच्या ठिणगीनं लागतात.

रोगट काडी जाळण्यावाचून गत्यंतर नसेल, तर आधी शेजाऱ्याला सांगा. पहाटे, वारं पडलेलं असताना, भोवती माती उकरून, थोडी थोडी काडी जाळा. सोबत दुसरा माणूस, पाण्यानं भरलेला फवारणी पंप आणि ओली पोती हवीत. तारेखाली, झाडाखाली, माळाच्या आणि वनहद्दीच्या कडेला मुळीच नको. राख हाताला गार लागेपर्यंत पाणी मारा, तोवर जागा सोडू नका. आणि आग हाताबाहेर जातेय असं वाटलं तर जनावरांची दावी सोडा, वाऱ्याच्या तोंडाला उभे राहू नका, 101 किंवा 112 ला फोन करा. जंगलाकडे सरकत असेल तर वनखात्याचा 1926 आहे.

हे एकट्याच्या शहाणपणानं भागणारं नाही, कारण एक बांध पेटला की चौघांचं रान धोक्यात येतं. म्हणून 26 जानेवारीच्या ग्रामसभेत हंगाम सुरू होण्याआधीच तीन गोष्टी ठरवा: बांध कुणी पेटवायचा नाही, ज्यांच्याकडे पाण्याचा टँकर आणि ट्रॅक्टर आहे त्यांचे फोन नंबर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहायचे, आणि ज्या म्हाताऱ्या किंवा एकट्या शेतकऱ्याला बांध कापणं झेपत नाही, त्याला चार जणांनी अर्धा दिवस हात द्यायचा. तिसरी गोष्ट पाळली, तर पहिली पाळणं कुणालाच जड जाणार नाही.