मासे धरायला डोंगा बरा की कयाक?

नातवाला कयाक घ्यायची आहे. शर्यतीसाठी नाही, गळ टाकायला. हल्ली अशा कयाक मिळतात, गळाची काठी खोचायला भोकं असलेल्या. त्यावरून घरात दोन दिवस वाद झाला आणि म्हटलं, आपलं मत इथे लिहून ठेवू. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी फरक सांगतो, कारण आपल्यापैकी बरेच जण बोट क्लबवर जे जे निमुळतं दिसेल त्याला कयाक म्हणतात. कनू वरून उघडी. तिच्यात गुडघ्यावर किंवा पाटावर बसायचं आणि एकाच बाजूला पातं असलेलं वल्हं मारायचं. कयाकमध्ये पाय लांब करून, जवळजवळ पाण्याच्या पातळीला बसायचं आणि वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती. कयाक मूळची उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांची. सीलची कातडी सांगाड्यावर ताणून केलेली, शिकारीचीच होडी. म्हणजे ती शिकारीला नालायक आहे असं म्हणता येत नाही. पण तिथे गार पाणी अंगावर येऊ नये म्हणून वरून बंद लागते. आपल्याकडे मे महिन्यात अंगावर पाणी आलं तर कुणी तक्रार करेल का?

आता आपला बडा तालाब. भोजराजाचा, अकराव्या शतकातला, कोलांस नदी अडवून केलेला. १६६६.८० फुटांना भरला की भदभद्याचे दरवाजे उघडतात आणि अख्खं भोपाळ बघायला जातं. भरल्यावर तीसेक चौरस किलोमीटर पाणी. उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटला की लाटा उठतात. अशा वेळी एकट्या माणसाला कयाकच बरी, हे नातवाचं म्हणणं मला मान्य आहे. बुटकी असल्यानं वारा धरत नाही, दोन पात्यांमुळे सरळ जाते. उंच काठाची रिकामी कनू वाऱ्यावर पाचोळ्यासारखी फिरते.

पण मासेमारी म्हणजे फक्त गळ टाकून फोटो काढणं नव्हे. इथले माझी-ढीमर संध्याकाळी डोंगा काढतात. पुढे एक जण चप्पू मारतो, मागे दुसरा जाळं सोडत जातो. पहाटे जाऊन जाळं उचलायचं, रोहू-कतला सोडवायचे, ओलं जाळं आणि मासे एकाच तळात टाकायचे. उभं राहावं लागतं, वाकावं लागतं, कधी एका हातानं होडी जाग्यावर धरावी लागते. हे कयाकमध्ये करून दाखवा! दोन पात्यांच्या वल्ह्याला दोन्ही हात लागतात, वर उचललेल्या पात्याचं पाणी मांडीवर गळतं आणि मासे ठेवायचे कुठे? म्हणून माझा कौल डोंग्याला. पोट भरायचं असेल तर डोंगा, हौस असेल तर कयाक.

आमचं मूळ मालवणकडचं. (वडील नागपूरहून इथे आले, १९५६ ला राजधानी भोपाळला आली तेव्हा. आपल्यातल्या निम्म्या घरांची हीच कथा.) तिकडच्या होडीला एका अंगाला उलांडी असते, कलंडू नये म्हणून आडव्या दांड्यांनी बाहेर बांधलेलं लाकूड. गंमत बघा, प्राची यादव ही ग्वाल्हेरची मुलगी, सराव आपल्या भोपाळच्या तलावात केला, टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये अंतिम फेरीपर्यंत गेली. ती ज्या ‘व्हीएल-२’ प्रकारात उतरली त्यातला व्ही म्हणजे ‘वा’, पॅसिफिक बेटांवरची उलांडीची होडी! हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत तिला याच प्रकारात रौप्य आणि कयाकमध्ये सुवर्ण मिळालं. आमच्या आजोबांना सांगितलं असतं की उलांडीला पदक मिळतं, तर त्यांनी मला वेड्यात काढलं असतं.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. ऐंशीच्या दशकात मी तालाबाच्या वरच्या अंगाला सीहोरकडच्या एका ग्रामीण शाखेत होतो. एकात्मिक ग्रामीण विकासाची कर्जं वाटायचो, एक तृतीयांश सबसिडीची. मासेमाराच्या अर्जाला जोडायचा खर्चाचा तक्ता वरूनच छापून यायचा. नाव इतक्याची, जाळी इतक्याची, दोर, बुडवायची शिशाची वजनं, अगदी मासे न्यायची सायकलसुद्धा. तरंगायचं जॅकेट त्यात नव्हतं. अर्जदारांपैकी काहींना पोहता येत होतं, सगळ्यांना नाही.

आज चाळीस वर्षांनी बोट क्लबवर बघा. बारा वर्षांचं पोर कयाकमध्ये बसायच्या आधी जॅकेट घालतं, नाही घातलं तर पाण्यात उतरूच देत नाहीत. आणि त्याच पाण्यावर शंभर हातांवर साठीचा माणूस बनियनवर डोंगा वल्हवतोय. १३ सप्टेंबर २०१९ ची पहाट आठवा. छोट्या तालाबात खटलापुऱ्याच्या घाटावर गणपती विसर्जनाला दोन नावा एकत्र जोडून मोठी मूर्ती नेली, नावा कलंडल्या आणि अकरा पोरं गेली. अंगावर जॅकेटं नव्हती. काठ तर हाकेच्या अंतरावर होता.

हौशी लोकांचा मला राग नाही. २०२३ मध्ये हरित अधिकरणानं क्रूझ आणि मोटरबोटी बंद केल्या ते उत्तमच झालं, पिण्याचं पाणी आहे ते. आता वल्ह्याच्या होड्याच वाढणार. पण काठावरची चांगली जागा, धक्का, जॅकेटं सगळं खेळाच्या नि पर्यटनाच्या वाट्याला आणि डोंगेवाल्यानं चिखलातून नाव ओढायची, हे मला पटत नाही. तलावावर पहिला हक्क त्याचा. आणि कयाकवाल्यांनीही १६ जून ते १५ ऑगस्टची मासेमारी बंदी पाळायला हवी. आमचा एकच मासा, असं म्हणून चालत नाही, अंडी घालायचे दिवस असतात ते.

त्या दोन महिन्यांत डोंगे काठावर पालथे पडलेले असतात आणि माणसं मोकळी असतात. बंदी संपली की थोड्याच दिवसांत गणपती येतात. आपल्या गणेशोत्सवाच्या वर्गणीतून दरवर्षी ऑर्केस्ट्र्यावर जे जातं, त्यातून यंदा पंचवीस जॅकेटं घेऊन शीतलदासच्या बगियाजवळच्या डोंगेवाल्यांना द्यावीत, असं मी बैठकीत मांडणार आहे. ज्यांना पटतंय त्यांनी त्या दिवशी हात वर करायला यावं. हिशोब मी ठेवतो.