विश्लेषण : घरच्या फोटोंचा सर्व्हर ‘व्हर्च्युअल मशीन’मध्ये ठेवावा का?

‘स्टोरेज संपत आले आहे’ हा संदेश मोबाइलवर आला नाही असे घर आता विरळाच. गूगलने १ जून २०२१ पासून फोटोंची अमर्याद मोफत साठवण बंद केली आणि फोटो, ई-मेल व इतर फाइली मिळून १५ जीबी असा हिशेब सुरू झाला. एका लग्नाचे व्हिडीओ एवढी जागा सहज खातात. मे २०२३ मध्ये आणखी एक धोरण जाहीर झाले. सलग दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती पुसली जाऊ शकतात आणि ही कारवाई डिसेंबर २०२३ पासून पुढे केव्हाही होऊ शकते. वडील गेले, त्यांचे खाते कुणी उघडले नाही, तर त्यातले फोटोही जाऊ शकतात. फोटो घरातच ठेवावेत, हा विचार यातूनच बळावला.

नवीन पनवेलची खांदा कॉलनी ही अशा विचाराला पोषक जागा आहे. सिडकोच्या आखीव वसाहतीतल्या सोसायट्या, जवळच चांगू काना ठाकूर महाविद्यालय, खांदेश्वर स्थानकातून हार्बर मार्गाने कामाला जाणारा नोकरदार वर्ग. अशा वस्तीत संगणकातला माहीतगार दर दोनचार घरांमागे एक तरी सापडतोच. कार्यालयातून बाद झालेला जुना डेस्कटॉप घ्यायचा, दोन हार्ड डिस्क लावायच्या आणि घरचा ‘क्लाउड’ उभा करायचा. इथवर सारे ठीक आहे. प्रश्न पुढचा आहे : हा साठवणीचा सर्व्हर त्या संगणकावर थेट बसवायचा, की त्याच संगणकात आणखी चार गोष्टी चालाव्यात म्हणून व्हर्च्युअल मशीनमध्ये?

‘नॅस’ आणि ‘व्हीएम’ म्हणजे काय?

घरच्या वायफायवरून सगळ्यांना वापरता येणारी सामाईक साठवण म्हणजे नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज, बोलीभाषेत ‘नॅस’. त्यासाठी ट्रूनॅस, ओपनमीडियाव्हॉल्ट अशा मोफत प्रणाली मिळतात. ट्रूनॅस ही पूर्वीच्या फ्रीनॅसची पुढची पिढी. व्हर्च्युअल मशीन किंवा ‘व्हीएम’ म्हणजे खऱ्या संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक. कल्पना नवी नाही. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर ती १९६० च्या दशकातच वापरात आली होती. आज प्रॉक्समॉक्ससारखी मोफत प्रणाली टाकली की एका जुन्या डेस्कटॉपवर फोटोंचा सर्व्हर, कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग, जाहिराती अडवणारी यंत्रणा आणि मुलीच्या लिनक्सच्या प्रॅक्टिकलसाठी वेगळे मशीन असे सगळे एकत्र नांदते.

वीज हा याच्या बाजूचा खरा मुद्दा आहे. ४० वॉट खाणारा संगणक वर्षभर चालू ठेवला तर सुमारे ३५० युनिट होतात. युनिटला दहा रुपये धरले तर साडेतीन हजार रुपये. दोन संगणक ठेवले तर दुप्पट. शिवाय दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये टीव्हीखालच्या कपाटात एकच डबा मावतो. एकाच यंत्रात सगळे बसवण्याचा मोह म्हणूनच समजण्यासारखा आहे.

मग अडचण कुठे?

अडचण वेगाची नाही. आजच्या प्रोसेसरवर व्हीएममुळे होणारी घट घरगुती वापरात जाणवतही नाही. अडचण आहे ती डिस्क नेमकी कुणाच्या ताब्यात आहे, याची.

ट्रूनॅस ‘झेडएफएस’ ही फाइल प्रणाली वापरते. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये घडलेली आणि २००५ मध्ये ओपनसोलारिसमधून खुली झालेली ही प्रणाली प्रत्येक तुकड्याची बेरीज जपते. एखादा फोटो डिस्कवर कुजू लागला तर तो तिला कळतो आणि दुसऱ्या डिस्कवरच्या चांगल्या प्रतीवरून ती तो दुरुस्त करते. पण यासाठी तिला डिस्कशी थेट बोलता आले पाहिजे. व्हीएममध्ये तिची अवस्था पोटभाडेकरूसारखी होते. नळ उघडला की पाणी येते, पण टाकीत किती आहे आणि वॉल्व्ह कुणाच्या हातात आहे, हे त्याला माहीत नसते. मूळ प्रणालीने मोठी फाइल करून तिलाच ‘डिस्क’ म्हणून आत दिले, तर आतल्या नॅसला खरी डिस्क दिसतच नाही. डिस्कची तब्येत सांगणारी ‘स्मार्ट’ माहिती बहुतेक वेळा आत पोहोचत नाही. डिस्क महिनाभर कण्हत असते आणि नॅसच्या पडद्यावर सगळे हिरवे.

लिहिण्याच्या पद्धतीतही खोट राहू शकते. नॅस म्हणते, ‘हे डिस्कवर नक्की लिही.’ मूळ प्रणालीत वेगासाठी चुकीचे कॅश सेटिंग निवडलेले असेल, तर ती ‘लिहिले’ असे उत्तर देते, पण मजकूर अजून रॅममध्येच असतो. त्या क्षणी वीज गेली की नॅसचा हिशेब आणि डिस्कवरची वस्तुस्थिती यांची फारकत होते. झेडएफएसचे सगळे शहाणपण ‘लिहिले म्हणजे लिहिले’ या विश्वासावर उभे आहे.

यापेक्षा वाईट प्रकार आहे तो दुहेरी मालकीचा. प्रॉक्समॉक्सलाही झेडएफएस येते. डिस्क आतल्या नॅसला दिल्या, पण बाहेरच्या प्रणालीनेही सुरू होताना त्याच डिस्क ओळखून उघडल्या, तर दोघे एकाच वहीत एकमेकांना न विचारता लिहू लागतात. यातून अख्खा संच वाचता न येण्याइतका बिघडू शकतो. हे सुरुवातीला कळत नाही, फोटो उघडत राहतात. कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

वीज जाते आणि येते तेव्हा

पनवेल तालुक्यातच, हिरानंदानी फॉर्च्युन सिटीत, योट्टाचे प्रचंड डेटा सेंटर २०२० मध्ये सुरू झाले. अशा केंद्रांत विजेचे दोन स्वतंत्र मार्ग, जनरेटर आणि चोवीस तास माणसे असतात. खांदा कॉलनीतल्या फ्लॅटमध्ये महावितरणची एक जोडणी आणि फार तर बूट ठेवायच्या कपाटामागे एक इन्व्हर्टर असतो. घरातली रचना या फरकाला धरूनच करायला हवी, आणि हौशी मंडळी नेमकी इथेच चुकतात. डेटा सेंटरमध्ये पाहिलेली गुंतागुंत ती घरी आणतात, मागची माणसे मात्र आणता येत नाहीत.

एक नेहमीचा फास पाहा. बाकीच्या व्हीएमच्या फाइलीही त्याच नॅसवर ठेवल्या जातात. पहाटे वीज येते, संगणक सुरू होतो, बाहेरची प्रणाली इतर व्हीएम उठवायला जाते. त्यांच्या फाइली नॅसवर आणि नॅस अजून झोपलेली. घरातले इंटरनेटही त्याच संगणकातल्या राउटर-व्हीएममधून येत असेल, तर दुरुस्ती कशी करायची हे शोधायलाही नेट नाही! सुरू होण्याचा क्रम ठरवून देणे आणि राउटर वेगळाच ठेवणे, एवढ्याने हे टळते. यूपीएसही नुसता जोडून भागत नाही. त्याची केबल संगणकाला लावून, बॅटरी संपण्याआधी आधी इतर व्हीएम, मग नॅस आणि शेवटी मूळ प्रणाली बंद होईल, अशी सोय लागते.

चालवायचेच असेल तर

व्हीएममध्ये नॅस चालतच नाही, असे म्हणणे चूक ठरेल. फ्रीनॅसच्या काळापासून तिचे निर्मातेही ती चालते असेच सांगत आले आहेत. अट एकच : डिस्क नव्हे, तर डिस्क ज्या कार्डाला जोडलेल्या आहेत तो अख्खा कंट्रोलर नॅसला देऊन टाकावा. याला ‘पासथ्रू’ म्हणतात. पोटभाडेकरूला स्वतःचा मीटर आणि स्वतःची टाकी मिळावी, तसे. त्यासाठी प्रोसेसर आणि मदरबोर्डमध्ये इंटेलची व्हीटी-डी किंवा एएमडीची तत्सम सोय हवी. जुन्या डेस्कटॉपमध्ये ती असेलच असे नाही आणि असली तरी बायोसमध्ये बंद असू शकते. कार्ड साधे हवे, स्वतःची रेड चालवणारे नको. बाहेरच्या प्रणालीने त्या कार्डाला हात लावू नये, अशी नोंद तिच्यात करावी लागते. नॅसच्या वाट्याची रॅम पूर्ण राखून ठेवावी लागते. ट्रूनॅसला किमान ८ जीबी लागते, म्हणजे ८ जीबीच्या जुन्या संगणकात हा खेळ मांडूच नये. यूएसबीने लटकवलेल्या डिस्क तर अजिबात नकोत. सैल केबल आणि पंख्याखालची धूळ एवढ्यानेही संच तुटतो.

यातले काही जमणार नसेल, तर ओपनमीडियाव्हॉल्ट थेट संगणकावर बसवून बाकीच्या छोट्या सेवा त्याच्यावरच कंटेनरमध्ये चालवणे हा अधिक शहाणा मार्ग. दिसायला कमी रुबाबदार, पण बिघडला तर डिस्क काढून दुसऱ्या लिनक्स संगणकाला लावता येते आणि फोटो दिसतात. कौटुंबिक साठवणीसाठी हीच कसोटी सर्वात मोठी मानायला हवी. शिकण्यासाठी व्हीएम जरूर करावे, रोज मोडावे आणि रोज बांधावे. पण घरच्या फोटोंची एकुलती एक प्रत त्या प्रयोगशाळेत ठेवू नये.

दोन डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे

आरसा-पद्धतीच्या दोन डिस्क एक डिस्क मेली तर वाचवतात. चुकून पुसलेला फोल्डर दोन्हीकडून एकाच क्षणी पुसला जातो. खंडणीखोर व्हायरसचेही तसेच. जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ने जगभरातल्या घरगुती क्यूनॅप नॅसवरच्या फाइली कुलूपबंद केल्या. लक्ष्य होती ती थेट इंटरनेटवर उघडी ठेवलेली यंत्रे. बाहेरून फोटो पाहायचेच तर वायरगार्डसारख्या व्हीपीएनमधून पाहावेत, राउटरचे दार उघडून नव्हे.

तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर हा नियम जुनाच आहे. पनवेलकरांना त्याचे कारण निराळे सांगावे लागू नये. २६ जुलै २००५ च्या पुरात गाढी नदीने पनवेल गाठले, तेव्हा पाण्याने कोणते कपाट भिजवायचे हे विचारले नव्हते. घराबाहेरची प्रत म्हणजे त्याच सोसायटीतल्या काकूंकडची डिस्क नव्हे. ती पुण्यातल्या भावाकडे किंवा गावच्या घरी असावी आणि दर गणपतीला बदलली जावी.

बाकीच्यांनी काय करायचे?

माहीतगार माणूस परगावी आहे, रुग्णालयात आहे किंवा या जगातच नाही, अशा दिवशी नॅस बंद पडली तर? पत्नीला, आईला किंवा दहावीतल्या मुलाला प्रॉक्समॉक्स, पासथ्रू, पूल इम्पोर्ट हे शब्द काय उपयोगाचे? ज्या गूगल खात्यांना कंटाळून हा उद्योग सुरू झाला, त्यांच्यात निदान ‘पासवर्ड विसरलात का?’ हे बटण तरी असते. घरच्या सर्व्हरवर ते बटण म्हणजे एक कागद : कोणती डिस्क कशाची, पासवर्ड आणि कूटबद्धीकरणाची चावी कुठे, आणि यापैकी काहीही न कळल्यास कुणाला फोन करायचा. तो रेशनकार्ड आणि विम्याच्या पॉलिसीशेजारी ठेवावा. त्याच्यासोबत कुठल्याही लॅपटॉपला लावून उघडेल अशी, निवडक फोटोंची एक साधी बाह्य डिस्क असावी. झेडएफएस नाही, व्हीएम नाही, फक्त वर्षांच्या नावाचे फोल्डर.